तिथी, वार आणि अनोळखी माणसे

समजा, शेळगावच्या शाळेत इतिहासाचा तास चालू आहे. एका मुलीने घरच्या पेटीतला एक जुना कागद वहीत जपून आणला आहे. कागद मोडीत आहे. गावातल्या मोडी जाणणाऱ्या एका आजोबांनी त्यावरची तारीख वाचून दिली आहे. तीत शक आहे, संवत्सराचे नाव आहे, महिना, पक्ष, तिथी आणि वार आहे. मुलगी विचारते, "सर, ही इंग्रजी तारीख कोणती? आणि हा कागद खरा कशावरून?"

सरांना उत्तर येत नाही. यात कमीपणा काही नाही, हा प्रश्न खरोखरच अवघड आहे. अडचण पुढची आहे. विचारायचे कोणाला? शेळगाव हे बारामती आणि इंदापूर यांच्या मधले गाव. पुण्यात जाणकार आहेत हे सरांना ठाऊक आहे, पण त्यांच्यापैकी कोणाची ओळख नाही. "आपण एका खेड्यातले शिक्षक. मोठी माणसे आपल्या पत्राला कशाला उत्तर देतील?" असे मनात येते, आणि कागद पुन्हा पेटीत जातो.

हा संकोच आपल्यापैकी पुष्कळांच्या ओळखीचा आहे. म्हणून एका शिक्षकाची गोष्ट सांगतो. मुलीने विचारलेला प्रश्न एकोणिसाव्या शतकात मोठमोठ्या संशोधकांनाही पडला होता. त्याचे उत्तर ज्याच्याकडे होते, तो मराठी मुलखातला एक शाळामास्तर होता.

प्रश्न अवघड का आहे?

आधी अडचण समजून घेऊ. सगळ्यांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक. पाठ्यपुस्तकात ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, ६ जून १६७४ अशी तारीख असते. त्या दिवशी शनिवार होता. जेधे शकावलीत मात्र ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार असे आहे, आणि तीन घटका रात्र उरली असता महाराज सिंहासनावर बसले असे म्हटले आहे. मग खरे कोणते?

दोन्ही खरे. एक घटका म्हणजे २४ मिनिटे, तेव्हा तीन घटका म्हणजे सुमारे सव्वा तास. सिंहासनारोहण सूर्योदयापूर्वी सव्वा तास झाले. आपल्या जुन्या पद्धतीत वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून तो अजून शुक्रवारच होता. इंग्रजी पद्धतीत दिवस मध्यरात्री बदलतो, म्हणून शनिवार लागला होता. शिवाय ६ जून ही तारीख त्या काळी इंग्रज वापरत असलेल्या जुन्या, म्हणजे ज्युलियन कॅलेंडरची आहे. आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरने तोच दिवस १६ जून होतो.

हा झाला फक्त वाराचा घोळ. तिथीचा त्याहून मोठा. चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश गेला की एक तिथी संपते. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने तिथी कधी १९ तासांची असते, तर कधी २६ तासांची. म्हणून एखादी तिथी क्षय पावते, एखादीची वृद्धी होते. बारा चांद्रमासांचे वर्ष ३५४ दिवसांचे, म्हणून साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी अधिक मास घ्यावा लागतो. कोणी महिना अमावास्येला संपवतो, कोणी पौर्णिमेला. कोणी चालू वर्षाचा आकडा लिहितो, कोणी संपलेल्या वर्षाचा. जुन्या लेखावरची तारीख इंग्रजीत आणायची तर हे सगळे पाहावे लागते, आणि तेही लेख लिहिला गेला त्या काळच्या सिद्धांताप्रमाणे.

पण या गुंतागुंतीतच एक सोय दडलेली आहे. वाराचे चक्र सात दिवसांचे, आणि ते चंद्रसूर्यांशी बांधलेले नाही. तिथी आणि वार दोन्ही दिलेले असतील, तर एक दुसऱ्याचा साक्षीदार होतो. आपण धरलेले वर्ष चूक असेल, तर वार जुळण्याची शक्यता सातात एक. खोटा कागद करणारा तिथी बिनधास्त लिहितो, आणि पुष्कळदा वारावर पकडला जातो.

रेवदंड्यापासून पुण्यापर्यंत

हे गणित हाताने, अचूक आणि शेकडो वेळा करू शकणारा माणूस म्हणजे शंकर बाळकृष्ण दीक्षित. जन्म १८५३ चा, रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळच्या मुरूड गावी. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून ते शिक्षक झाले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुणे अशा त्यांच्या बदल्या होत गेल्या. मुलांसाठी त्यांनी पुस्तके लिहिली. आकाशातल्या गोष्टी सोप्या मराठीत सांगणारे 'ज्योतिर्विलास' हे त्यांचेच.

ज्योतिषगणिताचा अभ्यास त्यांनी नोकरी सांभाळून केला. या अभ्यासात त्यांना पहिले सोबती मिळाले ते पंचांगाच्या वादातून. जुन्या ग्रंथांवरून केलेली पंचांगे आकाशाशी जुळत नव्हती, आणि त्यावर वर्तमानपत्रांतून वाद चालला होता. ग्वाल्हेरचे विसाजी रघुनाथ लेले सायन गणनेचा पुरस्कार करीत होते. लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित यांनी मिळून शके १८०६ पासून, म्हणजे १८८४ पासून, सायन पंचांग काढले. वय वेगळे, गाव वेगळे, पण एका आकडेमोडीने तिघांना बांधले. त्या काळी ही गोष्ट शक्य झाली याला टपालखात्याचाही हातभार होता. १८५४ पासून हिंदुस्थानात पत्राचा दर अंतरावर अवलंबून राहिला नव्हता, आणि १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले होते. कोकणातून ग्वाल्हेर आणि बार्शीहून पुणे, टपालाला दोन्ही सारखेच.

एक ताम्रपट-तज्ज्ञ आणि एक शाळामास्तर

त्याच सुमारास हिंदुस्थानच्या इतिहासात एक मोठा वाद चालू होता. गुप्त राजांच्या लेखांवर वर्षे कोरलेली होती, पण ती मोजायला सुरुवात कुठून करायची? अल्बेरूनीने अकराव्या शतकात लिहून ठेवले होते की गुप्त संवत शकानंतर २४१ वर्षांनी सुरू होतो. पण तो संवत गुप्तांच्या विनाशापासून चालू झाला, असेही त्याने लिहिले होते. त्यामुळे त्याच्यावर किती विसंबावे याबद्दल मतभेद होते. थॉमस हे गुप्त संवत इसवी सन ७७–७८ पासून, कनिंगहॅम १६६–६७ पासून, तर बेली १९०–९१ पासून धरीत. म्हणजे एका राजवंशाचे स्थान अडीचशे वर्षांच्या पट्ट्यात मागेपुढे होत होते, आणि त्याबरोबर त्या काळातली काव्ये, शिल्पे, गणिती आणि ज्योतिषीही.

गुप्तांच्या कोरीव लेखांचा संग्रह सिद्ध करण्याचे काम जॉन फेथफुल फ्लीट या सनदी अधिकाऱ्याकडे होते. मुंबई इलाख्यात नोकरी, जुन्या कन्नड आणि संस्कृत लेखांवर प्रभुत्व, १८८३ पासून सरकारचे कोरीव लेखांचे तज्ज्ञ, आणि १८८५ पासून 'इंडियन अँटिक्वेरी' या संशोधन मासिकाचे एक संपादक असा हा माणूस. लेख वाचणे त्यांना येत होते. त्यातल्या तिथी आकाशाशी ताडून पाहण्यासाठी सिद्धांतग्रंथ मुरवलेला गणिती हवा होता. तो त्यांना शिक्षणखात्यातल्या दीक्षितांत मिळाला.

एक उदाहरण पाहा. मध्य प्रदेशातल्या एरण येथे बुधगुप्ताच्या काळातला एक स्तंभलेख आहे. त्यात वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, आणि वार गुरुवार आहे. अल्बेरूनीचे म्हणणे धरले तर १६५ मध्ये २४१ मिळवायचे. शके ४०६ येतात. त्यात ७८ मिळवले की इसवी सन ४८४. त्या वर्षीची आषाढ शुद्ध द्वादशी गणिताने काढली, तर २१ जून ४८४ ही तारीख येते. आणि त्या दिवशी वार गुरुवारच होता!

एका वाराने खटला निकाली निघत नाही. सातात एक शक्यता योगायोगाची राहतेच. पण फ्लीट यांच्याकडे दुसराही पुरावा होता. मंदसोरच्या लेखात कुमारगुप्ताचा उल्लेख मालव संवत ४९३ बरोबर येतो. मालव संवत म्हणजेच विक्रम संवत, तेव्हा हे वर्ष इसवी सन ४३६ च्या आसपासचे. त्यातून ३१९ वजा केले, तर गुप्त वर्ष ११७ येते. कुमारगुप्ताचे ज्ञात लेख गुप्त वर्ष ९६ ते १२९ या काळातले आहेत. ११७ बरोबर मधे बसते. कनिंगहॅमचे १६६ वजा केले, तर वर्ष २७० येते, आणि राजा पावणेदोनशे वर्षे राज्य करीत बसतो!

आणखी एक साक्ष गुरू ग्रहाने दिली. परिव्राजक महाराजांच्या ताम्रपटांवर गुप्त वर्षाबरोबर महावैशाख, महाचैत्र, महाआश्वयुज अशी संवत्सरनावे येतात. ही गुरूच्या बारा वर्षांच्या चक्राची नावे. गुरू सूर्याजवळ जाऊन दिसेनासा होतो, आणि काही आठवड्यांनी पहाटे पूर्वेला पुन्हा उगवतो. तो ज्या नक्षत्रात उगवतो, त्यावरून त्या वर्षाला नाव मिळते. दोन उदयांमध्ये सुमारे ३९९ दिवस जातात, म्हणून बारा वर्षांत उदय अकराच होतात आणि एक नाव गळते. ताम्रपटांवरची नावे या उदयपद्धतीने लागतात, हे दीक्षितांनी दाखवून दिले. वर्ष १५६ ला महावैशाख आहे. पस्तीस वर्षांनी, म्हणजे तीन चक्रांना एक वर्ष कमी असताना, १९१ ला महाचैत्र आहे. पुढे अठरा वर्षांनी, म्हणजे दीड चक्राने, २०९ ला महाआश्वयुज आहे. चैत्राच्या बरोबर समोरचा महिना आश्विन. हा ताळा वर्गातल्या मुलांनाही करता येईल.

फ्लीट यांचा ग्रंथ १८८८ मध्ये निघाला, आणि गुप्त संवताचा आरंभ इसवी सन ३१९–२० हा पक्का झाला. त्या ग्रंथात परिशिष्टे आहेत. त्यांपैकी एकात तिथीवरून वार आणि इंग्रजी तारीख काढण्याची रीत आहे, दुसऱ्यात गुरूच्या बारा वर्षांच्या चक्राचे विवेचन आहे. दोन्ही दीक्षितांची, त्यांच्या नावानिशी.

"नावानिशी" या शब्दावर जरा थांबू. साहेबाच्या ग्रंथासाठी एतद्देशीय पंडिताने कष्ट करावेत, आणि त्याचे नाव "एक शास्त्री" एवढ्यावर विरून जावे, असे त्या काळी अनेकदा घडे. इथे तसे झाले नाही. त्यात फ्लीट यांचा प्रामाणिकपणा आहे, आणि दीक्षितांच्या कामाची घडणही आहे. त्यांनी केवळ तयार तारखा पुरवल्या असत्या, तर त्या ग्रंथात विरघळून गेल्या असत्या. त्यांनी रीत लिहून दिली. रीत तपासता येते, दुसऱ्याला वापरता येते, आणि ती कोणाची हे सांगावेच लागते.

मुखपृष्ठावर दोन नावे

दीक्षित 'इंडियन अँटिक्वेरी'त स्वतःही लिहीत. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असे म्हटले आहे. अयनगतीचा हिशेब करून त्यावरून त्या उल्लेखाचा काळ काढणारा त्यांचा लेख १८९५ चा. त्यांचा निष्कर्ष सर्वांना मान्य झाला नाही, पण त्यावरची चर्चा आजही संपलेली नाही.

दुसरे मोठे नाते मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी रॉबर्ट स्यूएल यांच्याशी जुळले. स्यूएल यांनी १८८९ मध्ये दक्षिण हिंदुस्थानच्या कालगणनेची कोष्टके संपादून छापली होती, आणि त्याहून व्यापक, अचूक ग्रंथ त्यांना हवा होता. स्यूएल आणि दीक्षित यांचा 'द इंडियन कॅलेंडर' लंडनमध्ये १८९६ साली प्रसिद्ध झाला. इसवी सन ३०० पासून १९०० पर्यंतची कोष्टके त्यात आहेत. ग्रहणांची कोष्टके व्हिएन्नाच्या रॉबर्ट श्राम यांनी करून दिली. मद्रास, पुणे, व्हिएन्ना आणि लंडन एका पुस्तकात आले. मुखपृष्ठावर लेखक म्हणून सनदी अधिकाऱ्याच्या नावाशेजारी शिक्षणखात्यातल्या मास्तरांचे नाव आहे.

ग्रंथ कोणासाठी, हे प्रस्तावनेत स्पष्ट आहे. संशोधकांसाठी तर आहेच, पण न्यायालये आणि सरकारी कचेऱ्यांसाठीही. जमिनीच्या दाव्यांत जुने कागद पुढे येत, त्यांत बनावट पुष्कळ असत, आणि तारीख तपासायला साधन हवे होते. शेळगावच्या मुलीचा दुसरा प्रश्न आठवतो ना? "हा कागद खरा कशावरून?" त्याच प्रश्नासाठी हे पुस्तक झाले.

त्याच वर्षी, १८९६ मध्येच, दीक्षितांचा मराठीतला महाग्रंथ 'भारतीय ज्योतिषशास्त्र' पुण्यात निघाला. वेदकाळापासून स्वतःच्या काळापर्यंतचा ज्योतिषाचा इतिहास त्यात आहे. देशभर कोणती पंचांगे चालतात, ती कोणत्या ग्रंथावरून होतात, हयात ज्योतिषी कोण आणि त्यांनी काय केले, हेही आहे. अशी माहिती एका गावात बसून नुसत्या पोथ्यांतून मिळत नाही. ती माणसांकडून मिळते.

दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, दीक्षित वारले. वय चव्वेचाळीस. पण जोडलेली नाती त्यांच्याबरोबर संपली नाहीत. स्यूएल यांनी त्याच वर्षी चंद्रग्रहणांचे पुस्तक काढले, आणि १९१२ मध्ये 'इंडियन क्रोनोग्राफी'. या दुसऱ्या पुस्तकाला त्यांनी 'इंडियन कॅलेंडर'चा विस्तार असे म्हटले आहे. सोबती गेल्यावर चौदा वर्षांनीही काम दोघांचेच चालू होते. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधार समिती नेमली गेली, आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. पुढे भारत सरकारने दीक्षितांच्या मराठी ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद दोन भागांत छापला. पहिला भाग १९६९ मध्ये निघाला, दुसरा १९८१ मध्ये.

दुसरे एक मास्तर

सगळ्यांनाच फ्लीट आणि स्यूएल वेळेवर भेटतात असे नाही. देवळालीचे गणितशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची गोष्ट आपल्याला माहीत आहे. कोणताही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाचा आकडा वजा करा, आणि हेच पुन्हा करा. दीक्षितांचे जन्मवर्ष घेऊ. ८५३१ वजा १३५८ म्हणजे ७१७३. पुढे ६३५४, ३०८७, ८३५२ आणि शेवटी ६१७४. तिथून पुढे आकडा हलत नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक आकडा तिथेच येतो.

कापरेकरांनी हे १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत सांगितले. परिषदांना ते जात राहिले, छोट्या पुस्तिका स्वतः छापत राहिले. देशातल्या अनेक व्यावसायिक गणितज्ञांना हा निव्वळ आकड्यांचा खेळ वाटला. मग मार्च १९७५ मध्ये अमेरिकेच्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, आणि जगभरातून लक्ष वळले. तोवर कापरेकर सत्तरीत होते, निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती. उत्तर आले, पण फार उशिरा. मात्र ते आले तेव्हा पाहायला काम छापील स्वरूपात तयार होते, म्हणून गार्डनर ते वाचकांपुढे ठेवू शकले.

दोन्ही मास्तरांकडे शिफारस नव्हती, मोठे पद नव्हते. परक्या माणसाने उलटून तपासावी आणि बरोबर निघावी, अशी वस्तू त्यांच्या हातात होती. फ्लीट यांना दीक्षितांवर विश्वास ठेवण्याची गरजच नव्हती. वार जुळतो की नाही, हे कोणीही पाहू शकत होते. विश्वास त्यातून पुढे वाढत गेला.

पुन्हा शेळगावात

आता सरांनी काय करावे? कागद पेटीत ठेवू नये. तारखेच्या ओळीची स्वच्छ नक्कल करावी, मूळ कागद घरीच जपावा. मुलांबरोबर शकात ७८ मिळवून इसवी सन काढावे. साठ संवत्सरांच्या क्रमात ते नाव त्या शकाला येते का ते पाहावे. निम्मी परीक्षा इथेच होते, कारण शक आणि संवत्सर जुळले नाही, तर वाचनात किंवा कागदात काही तरी गफलत आहे. वार मात्र पुढच्या गणिताशिवाय लागणार नाही. तिथवर येऊन थांबावे, आणि मग पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला किंवा एखाद्या जाणकाराला लिहावे. आम्ही एवढे केले, हे जुळले, इथे अडलो, एवढेच विचारायचे आहे, असे. असे पत्र वाचणाऱ्याला ओझे वाटत नाही. त्यालाही तो कागद नवा असतो.

आणि उत्तर आले, तर दुसरे पत्र जरूर लिहावे. तुमच्या मदतीने वार लागला, मुलांनी आता आणखी तीन घरांतले कागद आणले आहेत, हे कळवावे. पहिल्या पत्राने ओळख होते. नाते जुळते ते या दुसऱ्या पत्राने, आणि नेमके तेच लिहायचे आपल्याकडून राहून जाते.